बातमाआपाचे गुडघे आणि फार गुणी सून

बातमाआपाचा आपल्या सुनेवर संशय होता आणि कारण भक्कम होतं: सून फारच चांगली होती. सहा वर्षांत उल्झाननं सासूला चहाची किटलीसुद्धा उचलू दिली नव्हती. सासूनं दारापासून लांब, मानाच्या जागी, गाद्यांवर बसायचं. पाणी, शेण, सरपण सगळं सुनेचं. घोड्या पाळून त्यांचं दूध काढणाऱ्या अतबाशीच्या खोऱ्यात रीतच ती. आपा सहा वर्षं मान खात बसली.

वसंतात घोडी व्याली. पहिल्या धारेचा मान तेवढा आपाचा. आपा एका गुडघ्यावर बसली, दुसऱ्या मांडीवर बादली टेकवली, धार काढली आणि उठायला गेली, तर उठताच येईना! घोडीनं मान वळवून पाहिलं. ते पाहणं आपाला फार लागलं.

आईला तिकडे आपाच म्हणतात; मुलगा म्हणाला, "आपा, यंदा तू डोंगरावर कुरणात येऊ नकोस. तिथं दिवसातून पाचदा धारा काढाव्या लागतात. उल्झान बघेल."

उल्झान बघेल! आपाला सगळा कट लख्ख दिसला. त्यात गुडघे दाखवायला गेली, तर दवाखान्यातली डॉक्टरीणबाई निघाली सुनेच्या माहेरची.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"तुला कशाला हव्यात चौकशा?"

"सांगा तर."

"आठ."

"पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं. मग हाडांबरोबर स्नायूही झिजतात. त्यात तुम्ही बसून."

"मग दे की गोळी!"

"गोळीचं तपासण्या झाल्यावर बघू, ती सगळ्यांना चालत नाही. आणि नुसत्या गोळीनं कुणी घोडीखालून उठत नाही. वजन उचला. स्टुलावरून हात न टेकता उठबस करा, रोज थोडी वाढवत. घरी कामं कोण करतं?"

"सून."

"तेच दुखणं."

म्हणजे सासूला कामाला जुंपायचं! आपानं मनातल्या मनात दोघींच्या माहेराचा उद्धार केला. पण कुरण सोडवेना. घरी येताच तिनं बादली धरली. दुसऱ्या बाजूनं उल्झाननं धरली.

"सोडा, आपा! लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू देत. सोड!"

शेवटी गोठ्यामागे, कुणाला दिसणार नाही असं उचलायचं ठरलं. आधी अर्धी बादली, मग भरलेली, मग दोन. एके दिवशी कुंपणावरून शेजारीण कानिशाय ओरडलीच, "अगं बाई! सुनेनं सासूला पाण्याला लावलं!"

उल्झान लालबुंद झाली.

"हिला बादली धड धरता येत नाही," आपा गरजली, "शिकवतेय!"

जूनमध्ये कुरणात जायला ट्रक भरायच्या दिवशी आपा सगळ्यांदेखत घोडीखाली बसली. धार काढली. सुनेचा हात पुढे आला.

"हात मागे घे!"

आणि आपा उठली. सावकाश, कण्हत, शिव्या देत, पण कशालाही न धरता. मुलानं तिचं अंथरूण ट्रकवर चढवलं.

उल्झान हसत डोळे पुसत होती. सासू बरोबर येणार म्हणून एवढा आनंद? आपानं डोळे बारीक केले.

"काय गं, वर माझ्याकडून किती घोड्यांच्या धारा काढून घ्यायचा बेत आहे?"

"निम्म्या, आपा."

"म्हटलंच मी!" म्हणाली आपा, आणि कुणी मदतीला यायच्या आत ट्रकमध्ये चढली.