सुरय्याबीची लहान काथवट

सुरय्याबीला स्वस्थ बसलेलं नाशकात कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असे. तिच्या घरचा धंदा माती धुण्याचा. सराफांच्या दुकानांपुढची धूळ आणि गोदेच्या काठची वाळू लाकडी काथवटीत घ्यायची आणि पाण्यात फिरवायची. हलकी वाळू कडेवरून वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. नवरा शौकत वारल्यावर त्याच्या दोन काथवटी तिच्याकडे आल्या. एक परातीएवढी, दुसरी ताटलीएवढी. मोठीत काम झपाट्याने होई, म्हणून लहान काथवट नुसतीच बरोबर असायची. "आधी काय हरवलंय ते नीट विचार, मग काथवट उचल," असं शौकत म्हणायचा. पण तो पुरतं बोलेपर्यंत ती पाण्यात उतरलेली असे.

१९३४ सालच्या चैत्रातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास घाटाच्या पायरीवर सिन्नरकडची धोंडाबाई ओल्या लुगड्यानिशी रडत बसली होती. बुडी मारताना गळ्यातल्या माळेचा दोरा तुटला होता. बाकीचे मणी पदरात अडकले, एक गेला.

"सासूचा डागिना हाय, बाई. आजच्या दिसापुरता मागून घातला. मणी घेऊन गेले नाय तर म्हणंल, म्हायेरी देऊन आली. भावाकडं जाणं कायमचं बंद करंल माझं."

"कुठं पडला?" शेजारीच वाळू धुणाऱ्या सुरय्याबीने विचारलं.

"हितंच. सोन्याचा हाय, पण..."

"सोनं ना? मग तळालाच असणार!" सुरय्याबी मोठी काथवट घेऊन गुडघाभर पाण्यात शिरलीसुद्धा.

वर रस्त्यावर धोंडाबाईचा दीर नाथा बैल जुंपून उभा होता. थोड्या थोड्या वेळाने तो हाक मारी. "वैनी, उन्हं कलली! आता काय नदीच गाडीत घालून न्यायची का?"

सुरय्याबी काथवट भरत होती, गरगर फिरवत होती, वरची वाळू धारेत सोडत होती. तळाला कधी खिळा निघे, कधी तुटकं जोडवं. तास गेला. जागा बदलली, पुन्हा पहिल्या जागी आली. शेवटी ती वैतागली.

"केवढा जड होता गं तुझा मणी?"

"जड कुठला? बोरमाळंतला हाय. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत समदी लाख."

सुरय्याबीचे हात थांबले. "आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुमी बोलू दिलं का?"

लाखेचा मणी वाळूहून हलका. तो तळाला कधी राहणारच नव्हता. तिच्याच काथवटीतून, तिच्याच हाताने, कडेवरून धारेत गेला असेल. कितव्या काथवटीला, ते अल्लालाच ठाऊक.

धार जिकडे जात होती तिकडे ती धावली. वीसेक पावलांवर एका खडकाआड बेलाची पानं, झेंडूची फुलं आणि बारीक गाळ साचला होता. इथे मोठी काथवट कामाची नव्हती. तिने लहान काथवट घेतली आणि ती पहिल्यांदाच पाण्यात फतकल मारून बसली. ओंजळभर गाळ घ्यायचा, पाणी जेमतेम हलवायचं, एकेक पान उचलून बाजूला ठेवायचं. पायाचे अंगठे वळवळत होते, पण हात तिने सावकाश ठेवले.

"वैनी..." नाथा खाली आला आणि पायरीवर टेकला.

अकराव्या काथवटीत एका सडक्या बेलपानाखाली पिवळं काहीतरी चमकलं. बोराएवढं. एका बाजूने जरासं चेपलेलं.

धोंडाबाईने मणी पदराच्या गाठीत बांधला, गाठ सोडून पुन्हा पाहिला, पुन्हा बांधला. मग म्हणाली, "चेपल्यालं दिसंल का वं सासूला?"

"मानेच्या मागल्या बाजूला येईल असा ओव," सुरय्याबी म्हणाली. पुढे धोंडाबाई काहीतरी बोलत होती, पण मोठी काथवट डोक्यावर घेऊन ती निम्म्या पायऱ्या चढून गेली होती. वरच्या पायरीवर ती थबकली, परत खाली आली आणि तिने खडकावर राहिलेली लहान काथवट उचलून काखेत मारली.