पाटलांच्या पडवीची भिंत

"टेक की गं! भिंत चावते का तुला?" गुरुजी खेकसले आणि अख्खा वर्ग खिदळला.

आठवीचा वर्ग. खर्ड्याकडचं आमचं गाव, दुष्काळाचं साल. शाळेला खोल्या कमी, म्हणून वर्ग पाटलांच्या पडवीत भरायचा. बाकीची पोरं वर, मी एकटी खाली अंगणात. त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला. लीन. म्हणजे टेकणं, रेलणं. आणि हाक मारली मलाच. "वर ये. भिंतीला टेकून दाखव."

मी सावध झाले. वर्षभर पायरी चढू न देणारा माणूस आज वर का बोलावतोय? काहीतरी काळंबेरं होतं.

ती भिंत माझ्या आयेनं सारवलेली. पांढरी माती कालवायची तिनं, हात फिरवायचा तिनं. सारवून झालं की भाकरीची वाट बघत अंगणात उभी. टेकायचं नाही. मलाही तेच वळण. म्हणून मी वर गेले, अंग मागं कलतं केलं, पण पाठ आणि भिंत यांत चार बोटं जागा ठेवली. पोटऱ्या थरथरत होत्या. मला वाटलं, आपण असंच टेकायचं असतं.

"बघा," गुरुजी पोरांना म्हणाले, "या लोकांना टेकणंसुद्धा येत नाही."

म्हणजे मी चुकावं म्हणूनच बोलावलं होतं!

तेवढ्यात दारातून पाटलीणबाई ओरडल्या, "गुरुजी, आधी खाली उतरवा तिला! भिंत बाटवता का माझी?"

डोकं सणकलं. आयेचा हात लागला की पांढरी होते, अन् माझ्या पाठीनं बाटते व्हय?

टेकले. पुरी पाठ. डोकंसुद्धा. लई गार भिंत हुती.

"गुरुजी, हे लीन," मी म्हणाले. छडी बसली. हलले नाही.

संध्याकाळी आयेला पाटलीणबाईंचा सांगावा आला. भिंत परत सारव, न्हाईतर उद्यापासून कामाला येऊ नको. तिनं बादली उचलली. मी आडवी गेले.

"सरक पोरी. तुझ्या टेकण्यापायी चूल इझंल."

तिनं सारवलं. मी अंगणात उभी राहून बघितलं. माझ्या पाठीचा डाग माझ्याच आयेच्या हातानं पुसला. रडू आलं नाही. राग आला. तिचासुद्धा.

परतताना तिच्या हातातली बादली मी काढून घेतली.

"आये, त्या भिंतीला आपला हात आता लागायचा न्हाई. चूल इझली तर इझू दे. उद्या मी वर बसनार हाय. पाठ टेकून."