चार मिलिमीटरचं छत

माझं माप कधी चुकत नाही. त्या दिवशीही चुकलं नव्हतं.

मोर्शीला भाचीचं लग्न होतं. बाबांची कंबर अशी, की पंधरा मिनिटांच्या वर बसता येत नाही. आणि अकोल्याहून मोर्शी म्हणजे तीन तास! नातीचं लग्न चुकणार म्हणून बाबांनी जेवण कमी केलं. मग मीच एका जुन्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली उभी केली. आत पलंग, एक खिडकी. मेव्हण्याच्या जीपमागे जोडायची, बाबांनी झोपून जायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी फक्त आतलं छत राहिलं. मे महिन्यात नुसत्या पत्र्याखाली बाबा मोर्शीपर्यंत पापडासारखे भाजले असते. पत्र्याखालच्या लाकडी पट्ट्यांना चार मिलिमीटरचं प्लायवूड चिकटवायचं, एवढंच काम.

डब्यावरची सूचना मी दोनदा वाचली. गोंद प्लायला आणि पट्ट्यांना लावा, वीस मिनिटं सुकू द्या, मग दाबून धरा. मी घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली. (ती वीस मिनिटं अकोल्याच्या उन्हातली नव्हती, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं!) दार बावीस इंच रुंद. प्लाय उभं केलं, तिरपं केलं, आत नेऊन आडवं केलं. या कसरतीत ते किती वेळा उलटलं, तेवढं मात्र मी मोजलं नाही.

"दाबा वर! दहा मिनिटं कोनी हालायचं नाई."

"अवो, माहे हात चिकटून राहिले," बायको म्हणाली.

"चिकटतीनच. गोंद चांगला हाय."

"पन भाऊजी," मेव्हणा सुभाष म्हणाला, "गोंद तं वरून लावला ना? मंग खालून काहून चिकटते?"

"कडेनं ओघळला असंन. बोलू नको, हात हालते तुहा."

चौथ्या मिनिटाला हात भरून आले. मी म्हटलं, डोकी लावा. सुभाषच्या डोक्याला उन्हाचा दुपट्टा गुंडाळलेला, बायकोच्या डोक्यावर पदर. माझा दुपट्टा मी घाम पुसायला सोडला होता. तीन डोकी म्हणजे त्रिकोण, आणि त्रिकोणाचा आधार सगळ्यात पक्का! मी सर्वांत जोरात दाबलं.

दहा मिनिटं झाली. "सोडा!"

छत पट्ट्यांपासून सुटलं. माझ्यापासून सुटलं नाही.

चोवीस चौरस फुटांचं छत डोक्यावर घेऊन मी पलंगावर बसलो. बाहेर बाजेवर पडलेले बाबा उठून खिडकीशी आले.

"काय रे, टोपी मोठी झाली काय?"

"बाबा, गोंदाची बाजू खाली आली."

"ते सूनबाई मघापासून सांगून राहिली ना तुले!"

बायकोनं खोबरेल तेल लावून पाहिलं, मग कात्री घेतली. उरलेलं पाहून सलूनवाल्यानं एकच उपाय सांगितला, आणि तो केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही छताशिवायच निघालो. बायकोनं पत्र्यावर ओली गोधडी टाकली, ती वाटेत दोनदा भिजवली, आणि बाबा मोर्शीपर्यंत घोरत गेले. माझ्या छताची गरजच नव्हती!

मांडवासमोर जीप थांबली. मी पुढून उतरलो. ताईनं माझं तुळतुळीत डोकं पाहिलं, बाबा कुठं दिसेनात, आणि तिनं हंबरडा फोडला. "बाबा गेऽऽले वो माये!" बँड बंद पडला. भाची रडायला लागली. नवरदेवाच्या काकांनी माझा हात धरला. "कवा झालं हे?"

"अहो, गोंद..." मी म्हणालो. आणखी चार बायका रडायला लागल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दार उघड ना बे! गरम होऊन राहिलं!"

सुभाषनं दार उघडलं. बाबा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि ताई त्यांच्या गळ्यातच पडली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सगळ्या मांडवाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे.

"रडू नको, बाई," बाबा म्हणाले. "याच्या डोक्यात आतून काई नव्हतंच. आता वरूनई साफ झालं."