बाबांनी ऐकलेला उतारा

गेल्या वर्षी मी एका ऑनलाइन लेखनवर्गाला नाव घातलं. पॅरालिसिसचा झटका आल्यावर बाबांना मी घाटकोपरला माझ्याकडे आणलं होतं. ऑफिसचं काम घरूनच चालायचं. त्यात त्यांची औषधं, व्यायाम, जेवण. आठवड्यातला थोडा वेळ तरी आपला असावा, एवढंच मनात होतं. रविवारी सकाळी वर्ग असायचा. मी बेडरूमचं दार लोटून लॅपटॉपसमोर बसायचे आणि बाबा हॉलमध्ये बातम्या लावून बसायचे.

शिकवणाऱ्या बाई मोजकंच बोलायच्या. माझा सोसायटीतल्या झाडांवरचा लेख ऐकून म्हणाल्या, "भाषा चांगली आहे, पण यात तुम्ही कुठेच नाही. जे लिहायची लाज वाटते ते लिहून बघा."

मला ते लागलं. त्या आठवड्यात मी बाबांना भरवण्यावर लिहिलं. गळ्याशी नॅपकिन कसा बांधावा लागतो, तोंडाच्या उजव्या कडेने वरण कसं ओघळतं, सोसायटीच्या मीटिंगा माइकशिवाय गाजवणारा माणूस 'पाणी' म्हणायला गेला की 'पाई' कसं होतं. कधी कधी मला किळस येते, हेही लिहिलं. शिवाय एका सकाळचा प्रसंग होता. तो इथे लिहीत नाही.

रविवारी मी तो उतारा वाचला. मोठ्याने, थांबत थांबत, बाईंनी शिकवलं होतं तसा. संपल्यावर बोरिवलीच्या एक ताई डोळे पुसत होत्या. बाई म्हणाल्या, "आज तुम्ही खरं लिहिलंत." इतकं कौतुक कित्येक वर्षांत वाट्याला आलं नव्हतं. मी अक्षरशः हवेत होते.

चहा टाकायला बाहेर आले, तर टीव्हीवर बातम्या देणारी बाई नुसतीच ओठ हलवत होती. आवाज बाबांनी बंद केला होता. रिमोट त्यांच्या डाव्या हातात होता. मुलगी काय लिहिते ते ऐकावं, म्हणून केला असणार.

"किती... जण?" त्यांनी विचारलं.

"बारा-पंधरा असतील. ओळखीचं कोणी नाही, बाबा."

"मला... ओळखतात... आता."

दुपारी मी ताट घेऊन गेले, तर त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्या हातून चमचा घेतला आणि डाव्या हाताने स्वतः जेवायला लागले. निम्मा भात मांडीवर सांडला. मी पुसायला वाकले, तर मान हलवून नको म्हणाले. "चुकलं माझं, बाबा," मी म्हटलं.

"खोटं... नाही... लिहिलंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी वर्गाच्या आधी त्यांनी हाक मारली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. इस्त्रीचा शर्ट हवा होता. कंगवाही.

"कुठे जायचंय?"

"तुझा... क्लास."

मग माझ्या लक्षात आलं. आत बसलेल्या त्या लोकांना आपण दिसलो तर, ही त्यांची धास्ती होती. लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे असतं, हॉल दिसतच नाही, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि तरी हात पुढे केला. मी एकेक बटण लावत होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी वर्ग सुरू होताच कुणीतरी विचारलं, "बाबा कसे आहेत तुमचे?" नेट जातंय असं सांगून मी बाहेर पडले.

वर्गाच्या शेवटच्या रविवारी बाई म्हणाल्या, सगळ्यांच्या लेखांचा ऑनलाइन अंक काढू, तुमचा तोच उतारा द्या. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वाच." मी त्यांच्यासमोर बसून वाचायला लागले. त्या सकाळपाशी आले आणि हळूच पान उलटलं.

"मधलं... राहिलं," बाबा म्हणाले.

मग तेही वाचलं. माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "छान... लिहितेस. छापू... नको."

मी बाईंना नकार कळवला. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, आणि वाटलं याचीच जास्त लाज वाटली.

अजूनही बाबा स्वतःच्या हाताने जेवतात. वरण निवून जातं, तरी गरम करून देऊ का म्हणून मी विचारत नाही. हे लिहिण्याआधी मात्र त्यांची परवानगी घेतली. नावं नकोत, एवढंच म्हणाले.