पिल्लं कोणी उचलली?

प्रयोगशाळेतल्या उंदरांची सगळी उस्तवार जिच्याकडे होती, तिला लहानथोर सगळे पिंजरेमावशी म्हणत. सकाळी सातला यायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, भुसा बदलायचा, कोणी मेलं असेल तर तसं वहीत लिहायचं. मोठ्या मॅडम नऊला यायच्या. मधले दोन तास ती खोली मावशीचीच. उंदरांशी गप्पा काय मारायची, त्यांना झापायची काय, नुसतं विचारू नका! एखादी उंदरीण पिल्लं टाकून खायला धावली, की हिनं कंबरेवर हात ठेवून तिची खरडपट्टी काढलीच म्हणून समजा.

त्या वर्षी फुलांवर मारायच्या कीडनाशकाची तपासणी चालू होती. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणायची रीत, तेव्हा मावशीही औषधच म्हणायची. लाल पट्टीच्या पिंजऱ्यांतल्या गाभण उंदरिणींना पाण्यातून ते औषध, तेही अगदी चिमूटभर. पांढऱ्या पट्टीच्या उंदरिणींना साधं पाणी. पिल्लं झाली की मॅडम रोज नऊ वाजता मोजायच्या, घरट्यात किती आणि बाहेर किती. पिल्लू घरट्याबाहेर गेलं की उंदरीण त्याला तोंडात धरून परत आणते. ती आणेनाशी झाली, तर औषधानं तिच्या वागण्यात बिघाड केला असं समजायचं.

आता घोळ असा, की हे कशासाठी मोजतात ते मावशीला कोणी सांगितलंच नव्हतं. झाडणारीला कोण सांगत बसतंय? तिला वाटायचं, आपण नीट सांभाळतो की नाही ते बघायलाच मॅडम मोजतात. आणि सातला दार उघडावं तर लाल पट्टीच्या पिंजऱ्यांत बोटाच्या पेराएवढी उघडीवाघडी पिल्लं कोपऱ्याकोपऱ्यांत गार पडलेली, आणि आई म्हणवणारी दुसरीकडे भिंत कुरतडत बसलेली. मावशीचा जीव तुटायचा. ती हातमोजे चढवायची, एकेक पिल्लू तळहातावर धरून गरम करायची, घरट्यात ठेवायची आणि त्या उंदरिणीला निर्लज्ज म्हणायची. नऊला मॅडम यायच्या, बाहेर शून्य लिहायच्या.

पुढं त्या पिल्लांतल्या माद्या मोठ्या झाल्या, व्यायल्या. पोटात होत्या तेव्हा सोडलं तर त्यांनी औषधाचा थेंबही घेतला नव्हता. तरी त्यांचीही पिल्लं सकाळी बाहेरच. आईचंच वळण, दुसरं काय, असं पुटपुटत मावशीनं तीही उचलली. मॅडमनी पुन्हा शून्य लिहिलं.

मावशीची एकुलती एक लेक फुलांच्या नर्सरीत कामाला होती. पाचवा महिना चालू होता. तिथला नियम असा, की दिवस गेलेल्या बायकांनी फवारणीला हात लावायचा नाही, पॅकिंगला बसायचं. एका रविवारी लेक आली ती हाताला लाल चट्टे घेऊन. मावशीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवडे झाले, ती पुन्हा फवारणीवर आहे.

"अगं, पण नियम होता ना?" मावशी म्हणाली.

"काढला तो. सुपरवायझरनं कागद वाचून दाखवला आम्हाला. उंदरिणींच्या आणि त्यांच्या पिल्लांच्या वागण्यावर काही परिणाम नाही म्हणे. तुमच्याच प्रयोगशाळेचा शिक्का होता त्यावर. आई, तुला माहीत नाही?"

मावशीच्या हातातला कप तसाच राहिला. कुठल्या उंदरिणी, आणि मॅडम रोज नऊला कशासाठी मोजत होत्या, हे तिला कोणी फोडून सांगायची गरज उरली नाही.

सोमवारी ती मॅडमच्या खोलीत गेली. नोकरी जाणार हे धरूनच गेली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, पिल्लं मी उचलत होते. रोज. तुम्ही यायच्या आधी."

मॅडमना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी डोकं धरलं. किती पिल्लं, कुठल्या पिंजऱ्यातली, विचारत राहिल्या. लाल पट्टीचीच, एवढं मावशीला ठाऊक. मोजायचं कोणाच्या डोक्यात होतं? मॅडम चिडल्या, दोन वर्षं पाण्यात गेली म्हणाल्या. मग म्हणाल्या, चूक माझीच, कशासाठी मोजतो ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. अहवाल मागं घेतल्याचं पत्र त्याच दिवशी गेलं. लेक पॅकिंगला बसली. पण ते तीन आठवडे कोण परत घेणार? डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, आत्ता काहीच सांगता येत नाही. मावशीला घास गोड लागेना.

सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. मॅडमनी मावशीलाच ठेवलं; लाल पट्टीच्या खोड्या तिच्याइतक्या कोणाला माहीत? अट एकच घातली. सातला मोजायचं, लिहायचं, आणि हात लावायचा नाही.

नवी पिल्लं झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मावशी पहिल्या लाल पट्टीपुढं उभी राहिली. चार बाहेर होती. तीन हलत होती. चौथं पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटून पडलं होतं, तोंड उघडायचं, मिटायचं. उंदरीण पलीकडं पाणी पीत होती. मावशीनं हातमोजे काढून खिशात घातले. अगं आण गं, आण, असं तिनं उंदरिणीला दोनदा विनवलं, अगदी हलक्या आवाजात. उंदरिणीनं वळून पाहिलं नाही.

मावशीनं वहीत चार लिहिलं आणि पुढच्या पिंजऱ्याकडं न जाता, ते तोंड मिटायचं थांबेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग चारच्या आकड्यापुढं लिहिलं, एक मेलं.