नकाशातली पांढरी गावं

अक्षराच्या नकाशात तिचं स्वतःचं गाव पांढरं होतं.

लाल म्हणजे धोका. पिवळा म्हणजे जपून. पांढरा म्हणजे इथं साप चावून कोणी दगावत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा तो नकाशा तिनं काही वर्षं खपून केला होता. नांदेडला गणितात तिची पीएच.डी. चालू होती. विषय ऐकला की लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. सोयाबीन काढून शेतात पेंढ्यांची बनीम, म्हणजे गंजी, रचली की तिच्याखाली उंदीर येतात. उंदरांमागं घोणस येते. आणि ती बनीम उचलायला शेवटी माणूसच जातो. पीक, उंदीर, साप आणि माणूस यांची तिनं समीकरणं मांडली होती. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं की ऊब जशी हळूहळू दुसऱ्या टोकाकडं सरकते, तसेच साप शेताकडून वस्तीकडं सरकतात, म्हणून पदार्थविज्ञानातलं उष्णतेचं समीकरण तिनं सापांना लावलं. विष अंगात किती वेगानं चढतं आणि लस कधीपर्यंत मिळाली तर माणूस वाचतो, हा भाग तिनं डॉक्टरांजवळ बसून केला.

होस्टेलात तिच्या खोलीवर हदगावची पुनम होती. ती नकाशासमोर उभी राहून म्हणायची, "आमच्या हदगावला एवढं लाल फासलंस. आता मला बघायला कोण येणार गं?"

"उदगीरकडचा नवरा कर," अक्षरा म्हणायची. "आमच्याकडं साप पण सभ्य आहेत."

वडिलांनाही तिनं हे फोनवर सांगितलं होतं. माणिकप्पा तिचे वडील. ती त्यांना अण्णा म्हणे. घरातली पूजा महादेवाची, पण गावाचा देव मारुती, आणि त्या देवळाचे अण्णा पंच होते. गाव पांढरं निघालं म्हटल्यावर ते म्हणाले, "मारुतीची कृपा हाय." ती हसली होती.

त्या नकाशावर बरंच काही टेकलं होतं. लातूरच्या एका सेवाभावी संस्थेनं खेड्यांतल्या दवाखान्यांना सर्पविषावरची लस आणि ती ठेवायला फ्रीज द्यायचं ठरवलं होतं. कोणत्या गावांना, ते नकाशावरून ठरणार होतं. लातूरलाच एका महाविद्यालयात गणिताची जागा निघाली होती. दिवाळीनंतर प्रबंध दिला की ती जागा अक्षराची, असं सगळेच धरून चालले होते.

दसरा झाला आणि एके दिवशी सकाळीच अण्णांचा फोन आला. शिवम्मा आत्या गेली. अटॅक आला, म्हणाले.

आत्या अण्णांची थोरली बहीण. तरुणपणी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली ती माहेरचीच झाली. अक्षराला तिनंच वाढवलं. पोरीला नांदेडला ठेवायचं नाही म्हणून घर अडून बसलं, तेव्हा तिनं भावाशी अबोला धरला. पोरगी नांदेडला गेली तेव्हाच सोडला.

अक्षरा जळकोटमार्गे एसटीनं गावी पोचली. अंगणात बायका आत्याला आंघोळ घालत होत्या. लिंगायतांत गेलेल्या माणसाला न्हाऊ घालून, विभूती लावून बसवतात. बसलेलंच मातीत ठेवतात. अक्षरानं तांब्या घेतला आणि पाणी ओतायला लागली.

आत्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजून टरटरला होता. घोट्याच्या वर दोन टिपके होते. ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून येत राहतं. हे तिनं प्रबंधात लिहिलं होतं.

तिनं आईकडं पाहिलं. आईनं तिच्याकडं पाहिलं नाही. मुठीत विभूती घेतली आणि त्या घोट्यावर जाड थापली.

माती झाल्यावर आईनं सगळं सांगितलं. दिवस बुडताना आत्या बनिमीच्या पेंढ्या उचलत होती. तिथं पान लागलं. साप चावला असं गावात कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. तिला उचलून मारुतीपुढं आणलं. लिंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तर विष, कडू लागला तर विष नाही. आत्या म्हणाली, कडू लागतोय. लोकांना बरं वाटलं. ढोल वाजवले, नारळ फोडला. उदगीरचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर. जीप देवळासमोरच उभी होती. पण मारुतीपुढं बसवलेल्या माणसानं मारुतीनं सोडल्याशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही, ही रीत. उजाडताना आत्याला रक्ताची उलटी झाली.

विष किती वेगानं चढतं, हे समीकरण अक्षराचंच होतं. वेळ होता. भरपूर होता. तिनं मनात पुन्हा मांडून पाहिलं आणि पुन्हा तेच उत्तर आलं.

आणखी एक रीत होती. मारुतीपुढं बसवलेलं माणूस गेलंच, तर ते सापानं गेलं असं म्हणायचं नाही. देवाला बोल लागतो. मग कोणाला अटॅक येतो, कोणाला दमा. हे तिला नवीन नव्हतं. लहानपणी लिंबाचा पाला तोडून आणायला पोरांनाच पळवायचे, त्यात तीही होती. शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या ज्योत्स्नाची आईही अशीच अटॅकनं गेली होती. अक्षरानं त्या बाईला मारुतीच्या पारावर बसवलेलं पाहिलं होतं.

पण नांदेडला संगणकासमोर बसून तिनं नोंदी घेतल्या त्या दवाखान्यांच्या. तिच्या गावासमोरची जागा रिकामी होती. आजूबाजूच्या कितीतरी गावांसमोरची रिकामी होती. तिथं तिनं शून्य भरलं. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना ती स्वतः शिकवायची.

संध्याकाळी अण्णा ओसरीवर एकटे होते. ती समोर जाऊन बसली.

"अण्णा, आत्या कशानं गेली?"

"सांगितलं की. अटॅक."

"मी पाय बघितलाय."

अण्णांनी देवळाच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "मारुतीच्या पायरीवर कोणी मरत न्हाई, अक्षरा. माझ्या आज्याच्या काळापासून न्हाई."

"तेच मी नकाशात लिहिलंय," ती म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. पांढऱ्या गावांना लस मिळणार नाही, फ्रीज मिळणार नाही. अण्णांनी ऐकून घेतलं, धोतर झटकलं आणि आत निघून गेले.

नांदेडला तिनं मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम भल्या होत्या. त्या म्हणाल्या, प्रबंधात मर्यादांचं प्रकरण असतंच. काही मृत्यूंची नोंद दवाखान्यांत होत नाही, अशी एक ओळ तिथं घाल. ती खोटी नाही. बाकीचं नोकरी लागल्यावर कर. अक्षरानं ती ओळ लिहिली. वाचून पाहिली. ओळ चांगली होती. पण लस त्या ओळीवरून वाटली जाणार नव्हती. नकाशावरून वाटली जाणार होती.

लातूरच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, या नकाशावरून वाटप करू नका. संस्थेचे चिटणीस दयानंदराव चष्मा काढून तिच्याकडं बघत राहिले.

"मग कशावरून करू, बाई?"

"मला अजून माहीत नाही."

उन्हाळ्यापर्यंत थांबतो, ते म्हणाले. तोवर दुसरा नकाशा आला तर ठीक, नाहीतर आहे त्यावरच करू. अक्षरानं प्रबंध मागं घेतला. महाविद्यालयातली जागा दुसऱ्याला मिळाली. होस्टेलात पुनमनं तिला चहा करून दिला.

मग ती गावोगाव फिरू लागली. देवळांच्या पारावर जाऊन इथं पान लागून कोण कोण गेलं, ते विचारायची. कोणी सांगेना. पोरगी शिकली आणि देवाला बट्टा लावायला निघाली, असं एका गावातून दुसऱ्या गावात तिच्या आधी पोचायचं. मुखेडकडच्या एका गावात एक म्हातारी तिला पाणी देत म्हणाली, "आमच्या गावात समदे अटॅकनंच जातात, माय. लई नाजूक काळजाची माणसं हायेत इथली." आणि मान फिरवली.

उन्हं तापायला लागली. दर मृत्यूला एक ठिपका, असा नवा नकाशा तिला करायचा होता; त्यावर अजून एकही ठिपका नव्हता. आत्याचाही नाही. आत्याचा ठिपका ती घरच्यांना न विचारता मांडू शकली असती, पण घरच्या कोणी चारचौघांत सांगितल्याशिवाय इतरांचं मांडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तोच नियम घरालाही. अण्णांकडं तिनं पुन्हा विषय काढला नाही. आई मात्र बोलली. आत्याला माती दिल्यापासून अण्णा सकाळी देवळात जातात, दिवा लावतात, पण पारावर टेकत नाहीत, असं म्हणाली.

एका सकाळी ती एसटीच्या फाट्यावर उभी होती. अण्णा आले आणि शेजारी उभे राहिले. कुठं निघालात, तिनं विचारलं. तू निघालीस तिथं, ते म्हणाले.

ते गाव देगलूरच्या वाटेवर होतं. अण्णांची जुनी सोयरीक तिथं होती. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. माणिकप्पा पंच आले म्हणून सरकून जागा केली, कोणी पानाची चंची पुढं केली. अण्णांनी ती घेतली नाही. ते पारावर बसले नाहीत. खालच्या पायरीवर बसले, मारुतीकडं तोंड करून.

"माझी बहीण शिवम्मा," ते म्हणाले. "पान लागून गेली. आमच्या मारुतीपुढं गेली. मीच बसवली होती तिथं. जीप हाय, नेऊ का म्हणत होते पोरं. मी न्हाई म्हणलं."

एक जण उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. दुसराही उठला. अक्षराला वाटलं, आता सगळेच उठतील.

अण्णा तसेच बसून राहिले. पुढचं त्यांना जड गेलं. मग ते म्हणाले, "तुमच्यातलं कोण गेलं, ते या पोरीला सांगा."

ऊन पायरीवर आलं. मग भिंतीला टेकून बसलेला एक माणूस, खाली बघत, हळूच म्हणाला, "माझा थोरला. सत्यम."

अक्षरा त्याच्या जवळ जाऊन खाली बसली.