डोलकाठीच्या टोकाचा फोटो

भूत, चकवा, खवीस... आमच्या खाडीकाठच्या घरांत हे सगळं जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळायचं, आणि मी तेव्हाही हसायचो. आता त्रेपन्नावं चालू आहे, अजूनही हसतो. पण हे लिहायला दोन वर्षं लागली ती कोणी मला हसेल या भीतीने नाही. लाज वाटते म्हणून. ती कशाची, ते पुढे येईलच.

मी मूळचा पनवेलचा, सध्या विचुंब्याला राहतो. अठरा वर्षं यॉटवर क्रू म्हणून काम करतोय. श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी सांभाळायच्या, धुवायच्या, चालवायच्या. मालक वर्षातून दहा दिवस येतो, बाकीचे दिवस बोट आमचीच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर अशीच एक बोट मुंबईहून सेशेल्सला न्यायची ठरली. पाच माणसं, दोन-अडीच आठवडे, चोहीकडे पाणी. माझ्या शब्दावर त्या क्रूमध्ये नंदू लागला. नंदू म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ, उरणजवळच्या मोऱ्याचा. बहिणीला तो 'बाय' म्हणतो. त्याची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. "तुमी हाय ना दाजी, मग मी येतो," एवढंच म्हणाला.

समुद्र ओलांडायचा तर तयारीच महिनाभर चालते. उरणच्या बाजूला खाडीतल्या एका लहानशा जेट्टीला बोट बांधलेली होती. पाण्याच्या टाक्या, औषधं, शिडांची शिवण, लाइफ राफ्ट... बटाटेसुद्धा एकेक करून कागदात गुंडाळायचे. आणि शेवटी डोलकाठी. तिच्या टोकापर्यंत जाऊन तिला धरून ठेवणाऱ्या तारांचा प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहायचा. नुसता डोळ्याने नाही, हाताने. साठ फूट उंच. कापडी खुर्चीत बसायचं आणि खालच्याने दोरीने, विंच म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक फिरवून वर ओढायचं. हे काम माझं होतं.

आता खरं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका बोटीवर मी असाच वर गेलो आणि टोकाला पोचल्यावर खाली पाहिलं. काठीला मिठी मारून डोळे मिटून बसलो होतो. खाली कोणाला कळलं नाही. मी बायकोलाही सांगितलं नाही. इतकी वर्षं बोटींवर काढलेला माणूस, आणि उंचीला घाबरतो, कोणाला सांगणार?

त्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता नंदू दोरी घेऊन तयार होता. मी म्हटलं, "तू आधी जेवून घे. मग बघू." तो गेटजवळच्या खानावळीत गेला. मी फोन आणि हत्यारांची पिशवी डेकवर ठेवली, आत उतरलो आणि पुढच्या भागात जिथे शिडं रचून ठेवतात तिथे त्या ढिगावर बसून राहिलो. घामाने निथळत. ठरवलं होतं की नंदू येईपर्यंत थांबायचं आणि सांगायचं, दुसऱ्या कोणाकडून वर ओढून घेतलं, बघून आलो, सगळं ठीक आहे. पाच माणसांचा जीव ज्यावर उभा, त्या काठीबद्दल मी हे ठरवलं होतं. माझ्या मेहुण्याचा जीव त्यात होता. तिथे बसल्या बसल्या मला हे कळत होतं, आणि तरी मी उठलो नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर आलो तर नंदू दोरीची गुंडाळी करत होता. घामाघूम. स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, जेट्टीवर उभा. नंदू मोठ्याने म्हणाला, "खुर्ची ठेवून आलात? पानी प्या. चांगलंच दमवलंत राव. बाय लय खायला घालते वाटतं तुमाला!"

स्किपर फोनमध्ये बघत होता. "फोटो मिळाला. वरच्या जोडाला चीर आहे, बरं झालं दिसली. तुम्ही स्वतः हात लावून पाहिलंत ना?"

मी नंदूकडे पाहिलं. तो नुसता हसत होता.

मी म्हणालो, "हो."

मला काय वाटलं ते सांगतो. नंदू लहानपणापासून होडीच्या काठीवर माकडासारखा चढणारा. वाटलं, मी लपलोय हे त्याने ओळखलं, स्वतः वर गेला, माझ्याच फोनवर फोटो काढून क्रूच्या ग्रुपवर टाकला आणि आता स्किपरसमोर माझी बाजू सांभाळतोय. आमच्यात मेहुणा दाजीला चारचौघांत खाली पाहायला लावत नाही. त्याने माझा मान राखला, आणि मी तो राखू दिला.

तो जोड बदलला. निघायच्या दिवशी स्किपरने नारळ माझ्या हातात दिला. म्हणाला, ज्याने चीर पकडली त्याच्या हातून जाऊ दे. तो नारळ पाण्यात सोडताना मी दर्याकडे पाहिलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी वाऱ्याने असं काही धरलं की डोलकाठी कण्हायला लागली. नंदू नेमका तिच्या बुंध्याशी, पट्ट्याने बांधून घेऊन शीड आवरत होता. जुना जोड असता तर काठी त्याच्यावरच आली असती. पोचलो सगळे सुखरूप. पण त्या प्रवासात आणि नंतरही मी त्या दुपारचा विषय कधी काढला नाही. तो फोटोसुद्धा उघडून पाहिला नाही.

यंदा दिवाळीनंतर, एका रविवारी नंदू आमच्याकडे पापलेट घेऊन आला. पुन्हा एक बोट जायची होती. "दाजी, स्किपरला सांगितलंय, काठी तुमीच बघनार. तुमी बघितली की मी निर्धास्त."

मला राहवलं नाही. बायको आत मासे साफ करत होती. गॅलरीत मी त्याला सांगितलं, "नंदू, तेव्हा वर तू गेला होतास. माझं नाव लावलंस. मी आत शिडांवर बसून होतो."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"काय बोलताय? मी जेवून आलो तवा तुमी खुर्ची बांधून उभे होता. मी तुमाला ओढला वर. माझे तळवे सोलले ना! खालून इचारलं, घट्ट हाय का? वरून म्हनालात, नाय, चीर हाय."

"मी नव्हतो, नंदू."

त्याने फोन काढला, तो फोटो शोधला आणि मोठा केला. स्टीलचा जोड, केसासारखी चीर आणि तिच्यावर टेकवलेला अंगठा. नख मधोमध दुभंगलेलं. माझं नख नांगराच्या साखळीत सापडून तसं झालंय, पंधरा वर्षांपूर्वी.

त्याने फोन बंद करून खिशात टाकला. मग नंदू म्हणाला, "वर कोन होता ते दर्याला म्हाईत. पन तुमी खाली बसून होता, दाजी. माझी पोर चार महिन्यांची होती."

आतून बायकोने विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काय नाय बाय," आणि न जेवता गेला.

स्किपरला मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, मग वर कोण गेलं? मी म्हटलं, माहीत नाही. मी प्यालोय असं त्याला वाटलं असावं. पण माझं नाव त्याने यादीतून काढलं, आणि ते योग्यच झालं. नंदू गेल्या आठवड्यात निघाला. डोलकाठीवर तो स्वतः चढला, असं बायकोकडून कळलं. मला निरोपाचा फोन नाही केला.

त्या दुपारी नंदूच्या हातांना जे वजन लागलं ते कोणाचं, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त 'तुमचंच चांगलं मन वर गेलं असेल' असं कृपा करून कोणी म्हणू नका... सगळं सांगितल्यापासून बायको तसंच म्हणते. ते ऐकवत नाही.